गाडीचं चाक घरच्या घरी बदलायला शिकूया : एक पाना, एक जॅक आणि थोडं विज्ञान



एक साधा प्रश्न. तुमच्या गाडीच्या डिकीत जी स्टेपनी आहे, तिच्यात आत्ता हवा किती आहे? जॅक नेमका कुठे ठेवलेला आहे? पाना नटला बसतो का, हे कधी लावून पाहिलंय का? बहुतेकांचं उत्तर 'पाहायला हवं' असंच असतं. गाडी घेतल्यापासून स्टेपनी जागची हललेली नाही, अशी घरं थोडीथोडकी नाहीत.

चाक बदलणं हे काम फार अवघड नाही. पण आपण ते पहिल्यांदा करतो कुठे? रात्रीच्या वेळी, पावसात, महामार्गाच्या कडेला, शेजारून ट्रक जात असताना आणि मागच्या सीटवर मुलं बसलेली असताना. शिकण्यासाठी याहून वाईट वर्ग शोधूनही सापडणार नाही. तेच काम रविवारी सकाळी, घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये, घाई नसताना एकदा करून पाहिलं तर हात बसतो, अवजारं तपासली जातात आणि मुख्य म्हणजे कोणत्या वेळी हे काम करायचं नाही, तेही समजतं.

शिवाय आपल्या मुलांसाठी हा तयार पाठ आहे. सहावीच्या विज्ञानातली साधी यंत्रे, आठवीतलं बल व दाब, घर्षण, वर्तुळाचा परीघ, टक्केवारी असं सगळं या एका चाकाभोवती फिरतं. म्हणून आजचा लेख दोन अंगांनी वाचा : काम कसं करायचं आणि ते तसंच का करायचं.

आधी शब्द नीट समजून घेऊ

आपण बोलताना 'टायर बदलला' म्हणतो, पण प्रत्यक्षात बदलतो ते चाक. टायर म्हणजे बाहेरचं रबर. रिम म्हणजे ते रबर ज्यावर बसतं ती धातूची चकती. दोन्ही मिळून होतं चाक. चाक जिथे नटांनी आवळलेलं असतं त्या भागाला हब म्हणतात.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण चाक घरी बदलता येतं, पण रिमवरून कारचा टायर उतरवणं आणि नवा चढवणं हे घरचं काम नाही. टायरच्या आतल्या कडेत पोलादी तारा असतात आणि ती कड रिमला घट्ट धरून बसते. नवा टायर चढवून हवा भरताना ती कड मोठा आवाज करत जागेवर बसते. त्या वेळी बोट मध्ये आलं किंवा हवा जास्त झाली तर गंभीर इजा होते. त्यासाठी दुकानात यंत्र असतं, आणि नंतर चाकाचं बॅलन्सिंगही करावं लागतं. सायकलचा टायर मात्र मुलांना घरी उतरवायला जरूर शिकवा. ती या विषयाची पहिली इयत्ता समजा.

आता 'स्टेपनी' या शब्दाची गंमत. वेल्समधल्या लानेली या गावात १९०४ साली डेव्हिस बंधूंनी जादा चाक बनवून विकायला सुरुवात केली. त्यांचा कारखाना होता स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून ते 'स्टेपनी' चाक. त्या काळी गाड्यांसोबत जादा चाक येतच नसे. रस्ता घोड्यांच्या नालांच्या खिळ्यांनी भरलेला, त्यामुळे पंक्चर रोजचंच. पुढे ती कंपनी मागे पडली, पण भारतात शब्द टिकला. इंग्लंडमधल्या आजच्या माणसाला 'स्टेपनी' म्हटलं तर बहुधा कळणार नाही. आपल्या गॅरेजमधल्या पोराला लगेच कळतं!

काय काय लागेल?

- स्टेपनी : हवा भरलेली. वापरात नसली तरी हवा हळूहळू कमी होतेच, म्हणून महिन्यातून एकदा तपासावी.
- जॅक आणि त्याचा दांडा.
- नट सोडवायचा पाना.
- चाकाला अडसर लावायला दोन चांगले मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे.
- जॅकखाली ठेवायला जाड फळीचा तुकडा. पावसाळ्यात मातीच्या अंगणात हा हवाच.
- जाड हातमोजे, जुनं फडकं, टॉर्च आणि परावर्तक त्रिकोण.
- गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक. जॅक कुठे लावायचा याची आकृती त्यातच असते.

काही नव्या गाड्यांत स्टेपनी नसतेच. टायर ट्यूबलेस असेल, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच सोबत दिलेला असेल, तर अशा लहान गाड्यांना जादा चाकातून सूट देणारा नियम २०२० मध्ये आला. तुमच्या गाडीत काय आहे, ते आजच डिकी उघडून पाहा.

जागा आणि तयारी

जमीन सपाट आणि कडक हवी. उतारावर, वाळूत किंवा फरश्या हलणाऱ्या पार्किंगमध्ये सराव नको. गाडीतून सगळ्यांना उतरवा. हँडब्रेक पूर्ण ओढा. मॅन्युअल गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गियरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर 'पी' वर. इंजिन बंद, चावी खिशात.

आता अनेकजण इथेच थांबतात. 'हँडब्रेक आहे, गियर आहे, मग दगड कशाला?' हा प्रश्न मुलंही विचारतील, म्हणून नीट समजून घेऊ. बहुतेक कारमध्ये हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागचं एक चाक उचललं की त्याचा ब्रेक असून नसल्यासारखा. जमिनीवरचं एकच मागचं चाक गाडी धरून ठेवतं. आणि गियरचं काय? आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. त्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतं. वळणावर आतलं-बाहेरचं चाक वेगवेगळ्या गतीने फिरू शकावं, यासाठी ते बसवलेलं असतं. पण पुढचं एक चाक हवेत गेलं की याच सोयीमुळे जमिनीवरचं दुसरं चाक फिरू शकतं, आणि गियरचा आधार संपतो. म्हणून जे चाक उचलायचं, त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून दगड लावायचा. डावं पुढचं उचलायचं असेल तर उजव्या मागच्याला. हा नियम कधीही मोडायचा नाही.

चाक बदलण्याच्या पायऱ्या

१. नट आधी सैल करा, गाडी नंतर उचला. व्हीलकॅप असेल तर काढा. पाना नटवर पूर्ण आत बसवा; अर्धवट बसला तर निसटतो आणि नटाच्या कडा झिजतात. नट घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. पान्याचा दांडा तुमच्या डावीकडे आडवा येईल असा लावला, तर खाली दाबलं की नट सुटतो. ओढण्यापेक्षा दाबणं सोपं, कारण आपलं वजन कामाला येतं. प्रत्येक नट फक्त अर्धा फेरा सैल करायचा, काढायचा नाही. गाडी उचलल्यावर नट सोडवायला गेलात तर चाक फिरत राहतं, आणि तुम्ही मारलेले झटके थेट जॅकला बसतात.

२. जॅक ठरलेल्या जागीच लावा. दाराखालच्या कडेला, चाकाजवळ, जॅकसाठी मजबूत केलेली जागा असते. बऱ्याच गाड्यांत तिथे खाचा दिसतात. भलतीकडे लावला तर पत्रा चेपतो किंवा जॅक सटकतो. जॅक सरळ उभा हवा, तिरका नको. टेकल्याबरोबर एकदा थांबून बघा, मगच पुढे फिरवा.

३. स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवा. जॅकच्या शेजारी, दाराखालच्या कडेखाली. दुर्दैवाने जॅक सटकलाच तर गाडी जमिनीवर न येता चाकावर येते आणि मध्ये फट राहते. मात्र त्यामुळे गाडीखाली जायची परवानगी मिळत नाही. गाडी फक्त जॅकवर असताना शरीराचा कोणताही भाग तिच्याखाली न्यायचा नाही. पडलेला नट काढायलाही नाही. तो काठीने ओढायचा. गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरताच बनवलेला असतो.

४. चाक जमिनीपासून थोडं वर येईपर्यंतच उचला. सपाट झालेलं चाक निघायला कमी जागा लागते, हवा भरलेलं बसायला जास्त. तेवढा अंदाज घेऊन दोन-तीन बोटं जास्त उचला, त्याहून अधिक नको.

५. नट काढा, चाक काढा. नट व्हीलकॅपमध्ये किंवा वाटीत गोळा करून ठेवा. चाक दोन्ही बाजूंनी धरून सरळ आपल्याकडे ओढा, बोटं खाली घालू नका. आता गाडीखालची स्टेपनी बाहेर घ्या आणि तिच्या जागी काढलेलं चाक सरकवा.

६. स्टेपनी बसवा. चाक उचलून धरायची कसरत करण्यापेक्षा ते पायाच्या चवड्यावर टेकवून थोडं वर घ्या, भोकं आणि बोल्ट जुळवा. नटाची निमुळती बाजू आत, चाकाकडे. सुरुवातीचे फेरे हातानेच फिरवा. हाताने फिरत नसेल तर आटे तिरके बसलेत. काढून पुन्हा लावा.

७. समोरासमोर आवळा. चार नट असतील तर एक, मग त्याच्या समोरचा, मग उरलेले दोन. पाच असतील तर एक सोडून एक, म्हणजे चांदणी काढतो तसं. एका बाजूने ओळीने आवळत गेलं तर चाक तिरकं बसतं.

८. गाडी खाली घ्या आणि मग पक्कं आवळा. गाडीखालचं चाक काढून घ्या, जॅक उतरवा, टायर जमिनीला नीट टेकला की त्याच क्रमाने पुन्हा आवळा. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा एकदा तपासायचे, हे विसरू नका.

किती आवळायचं? इथे येतं गणित

'जोर लावून आवळा' हे उत्तर पुरेसं नाही. लहान कारच्या नटांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर इतकं आघूर्ण लागतं. नेमका आकडा माहितीपुस्तकात असतो. १०० धरू. पाना २५ सेंटीमीटर, म्हणजे पाव मीटर लांब असेल, तर लागणारं बल १०० ÷ ०.२५ = ४०० न्यूटन. हे साधारण ४० किलो वजनाइतकं झालं. पाना अर्धा मीटर लांब असेल तर २०० न्यूटन, म्हणजे २० किलोचा जोर पुरतो. तरफेचा नियम फळ्यावर पाच वेळा लिहून जे समजत नाही, ते मुलांना इथे एका दाबात समजतं. आणि 'हे बायकांचं काम नाही' या समजुतीलाही हेच उत्तर आहे. इथे दंडाची ताकद कमी असली तर पान्याची लांबी वाढवायची. आपल्या मुलींना हा हिशेब आवर्जून करायला लावा.

पण मग लांबच लांब पाइप लावून आवळायचं का? नाही. बोल्ट आवळला की तो अगदी किंचित ताणला जातो, घट्ट स्प्रिंगसारखा, आणि त्या ताणामुळे चाक हबवर दाबून धरलं जातं. जास्त ताणलं तर बोल्ट कमकुवत होतो किंवा आटे जातात. कमी ताणलं तर चाक हलू लागतं आणि बोल्ट तुटू शकतात. सोडवताना लांब दांडा चालेल, आवळताना नाही. पान्यावर उभं राहून आवळणंही नको. बोल्टच्या आट्यांना तेल किंवा ग्रीसही लावू नका. घर्षण कमी झालं की तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

जॅकमध्येही असंच आहे. स्क्रू म्हणजे गुंडाळलेला उतार. दांडा पुष्कळ फिरवायचा, गाडी थोडीच उचलायची. म्हणून आपल्या हातांनी शेकडो किलो वजन उचललं जातं. यात बराच जोर घर्षणात जातो. पण दांडा सोडल्यावर गाडी खाली का येत नाही? त्याच घर्षणामुळे! घर्षण 'वाईट की चांगलं' या वर्गातल्या चर्चेला याहून छान उदाहरण नाही.

पोस्टकार्डावर उभी गाडी

आता दाब. १००० किलोच्या गाडीचं वजन चार चाकांवर सारखं वाटलं असं धरू, म्हणजे एका चाकावर २५० किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा आहे. हा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.२५ किलो होतो. २५० ÷ २.२५ = सुमारे १११ चौरस सेंटीमीटर. म्हणजे टायर रस्त्याला जिथे टेकतो ती जागा १४ × ९ सेंटीमीटरच्या आपल्या पोस्टकार्डापेक्षाही थोडी लहान! हिशेब ढोबळ आहे, कारण टायरच्या भिंतीही थोडा भार घेतात. पण मुद्दा खरा आहे. आपलं अख्खं कुटुंब चार पोस्टकार्डांवर प्रवास करतं. ब्रेक, वळण, पावसातली पकड, सगळं त्या चार तुकड्यांवर अवलंबून.

म्हणून हवा योग्य हवी. किती, ते बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. टायरवर छापलेला कमाल दाब म्हणजे भरायचा दाब नव्हे. हवा नेहमी टायर थंड असताना मोजावी. गाडी चालल्यावर टायर तापतो आणि दाब वाढलेला दिसतो.

टायर वाचायला शिका

टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं काही लिहिलेलं असतं. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. रिम १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर. ८८ हा भाराचा अंक : एक टायर ५६० किलोपर्यंत भार पेलतो. एच म्हणजे कमाल वेग ताशी २१० किलोमीटर. तो टायरच्या क्षमतेचा आकडा आहे, आपल्यासाठी परवानगी नव्हे!

आता मुलांना विचारा : हे चाक एका किलोमीटरमध्ये किती वेळा फिरेल? व्यास ३८१ + १२० + १२० = ६२१ मिलिमीटर. परीघ सुमारे १.९५ मीटर. म्हणून १००० मीटरमध्ये सुमारे ५१३ फेरे. अंगणात चाकावर खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकला आणि अंतर मोजून ताळा करा. मोजमाप थोडं कमी येईल. का, ते मुलांनाच शोधू द्या.

टायरवर चार अंकी निर्मिती-क्रमांकही असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुनी गाडी घेताना तो जरूर पाहा. आणि नक्षीच्या खोबणीत लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. आपल्याकडे नियमानुसार कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकीची ०.८ मिलिमीटर खोल हवी. त्या खोबणी पाणी बाहेर काढण्यासाठी असतात. गुळगुळीत टायर कोरड्या रस्त्यावर चालून जातो, पण पहिल्या जोरदार पावसात तो पाण्यावर तरंगू लागतो.

रस्त्यावर पंक्चर झालं तर

स्टिअरिंग घट्ट धरा, ब्रेक एकदम दाबू नका, वेग हळूहळू कमी करत सुरक्षित जागा गाठा. रिम खराब झाला तरी चालेल, पण वळणावर किंवा वाहत्या रहदारीत थांबू नका. धोक्याचे दिवे लावा, त्रिकोण बराच मागे ठेवा, मुलांना गाडीतून उतरवून रहदारीपासून लांब उभं करा. रहदारीच्या बाजूचं चाक असेल आणि जागा अरुंद असेल तर स्वतः बदलायला जाऊच नका. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि संकटात ११२ हे क्रमांक आहेत. हे काम येणं जितकं महत्त्वाचं, तितकंच 'इथे नाही करायचं' हे ओळखणंही.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला तर तो उपटू नका. बऱ्याचदा तोच भोक धरून ठेवतो. हवा पुरेशी असेल तर सावकाश जवळच्या दुकानापर्यंत जाता येतं. आणि स्टेपनी इतर चाकांपेक्षा बारीक असेल तर ती तात्पुरती समजा; तिच्यावर बहुधा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते.

मुलांना कोणतं काम द्यायचं?

लहान मुलांनी लांबून पाहायचं, पायऱ्या मोठ्याने वाचायच्या, नट मोजून वाटीत ठेवायचे. पाचवी ते सातवीच्या मुलांनी हवेचा दाब मोजावा, टायरवरचे आकडे वहीत उतरवावेत, दगड कुठे लावायचा ते सांगावं. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी चाक जमिनीवर असताना नट सैल करून पुन्हा आवळून पाहावेत. जॅकचं काम मोठ्यांनी करायचं, आणि गाडी उचललेली असताना मुलं गाडीपासून चार पावलं दूर. शाळेत करायचं असेल तर मैदानात, मुख्याध्यापकांच्या परवानगीने आणि माहितगार माणसाला सोबत घेऊनच करा. गावातल्या पंक्चरवाल्या काकांनाच पाहुणे शिक्षक म्हणून बोलावलं तर उत्तम. हाताने काम करणाऱ्या माणसाकडे ज्ञान असतं, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा तिथे लवकर पोहोचतो.

येत्या रविवारी एवढंच करा : डिकी उघडा, स्टेपनीतली हवा मोजा, जॅकची जागा शोधा आणि एक नट सैल करून पुन्हा आवळून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे. जमलं तर पुढच्या रविवारी पूर्ण चाक बदला, मुलांच्या देखत. आणि एखादा नट कितीही दाबून सुटतच नसेल, तर ते आज घरी कळलं हे बरंच झालं. गॅरेजमध्ये जाऊन तो आधी मोकळा करून घ्या.